दुसऱ्या घरातून आलेला पोपट: रुळवणं आणि शिकवणं

दुसऱ्याच्या घरी वाढलेला पोपट बरंच काही शिकून आलेला असतो. हात कसा चुकवायचा, कोणत्या आवाजावर माणूस धावत येतो, किती जोरात चावलं की हात मागे जातो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. चावणाऱ्या पोपटाने बहुतेकदा आधी अंग आखडून, मागे सरकून ‘नको’ म्हटलेलं असतं आणि ते कुणी मनावर घेतलेलं नसतं. म्हणून पहिले काही आठवडे एकच गोष्ट त्याला पटवायची: इथे न चावताही ऐकलं जातं.

आणण्याआधी जुन्या मालकाला सगळं खोदून विचारा. वय, पायातल्या कडीचा क्रमांक, रोजचं खाणं, झोपायची वेळ, कशाला बुजतो, कुणाला आणि नेमका कधी चावतो. पोपटाला पिंजऱ्याबाहेर काढतानाचा आणि परत ठेवतानाचा व्हिडिओ मागून घ्या. तोंडी वर्णनापेक्षा त्यातून जास्त कळतं. पोपटांच्या कित्येक जाती घरात पाळायला कायद्याने बंदी असते, काहींना परवाना लागतो. आफ्रिकन ग्रे हा राखाडी पोपट तर २०१७ पासून साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक निर्बंधांच्या यादीत आहे. कागदपत्रं नसतील तर घेऊ नका. आणि वयाचा हिशेब करा: कॉकाटील १५-२० वर्षं जगतो, ग्रे ४०च्या पुढेही जाऊ शकतो.

पहिल्याच आठवड्यात पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे तपासणी करून घ्या. सिटाकोसिससारखा (पोपटांपासून पसरणारा जंतुसंसर्ग) आजार माणसालाही होतो. घरात आधीपासून पक्षी असतील तर नव्याला ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा आणि नंतर हात धुवा. एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा हवाच. रोज सकाळी, खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. पोपट आजार लपवतो, पण वजन लपत नाही; १० टक्के घट दिसली की थेट डॉक्टर.

पिंजरा शक्यतो जुनाच आणा. त्याची एक बाजू भिंतीला लागून असू द्या, म्हणजे पाठीमागून कुणी येण्याची धास्ती राहत नाही. स्वयंपाकघर मात्र टाळा: नॉनस्टिकचं भांडं जास्त तापलं की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या, सालीसकट फांद्यांच्या लावा. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर तळव्यांना फोड येतात. रात्री १० ते १२ तास शांत अंधार हवा. झोप अपुरी झालेला पोपट दिवसभर चिडचिडा राहतो आणि दोष शिकवणीला जातो.

खाणं दोन आठवडे तेच ठेवा. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पोपटाला जीवनसत्त्व अ आणि कॅल्शियम कमी पडतं, तरी बदल हळूहळूच करा. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) हे खाणं आहे हेच कित्येकांना कळत नाही आणि ते भरल्या वाटीपुढे उपाशी राहतात. विष्ठा कमी आणि गडद हिरवी झाली तर पोटात काही जात नाही असं समजा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य कधीच नाही.

आता शिकवणं. दोन दिवस वाटीत चार-पाच प्रकार ठेवून बघा. जे तो सर्वात आधी उचलतो तो बक्षिसाचा खाऊ. तो रोजच्या वाटीतून काढून टाका. तुकडा दोन-तीन सेकंदांत संपेल एवढाच असावा. सुरुवातीला पिंजऱ्याजवळून जाताना एक तुकडा वाटीत टाका आणि थांबू नका. समोरून रोखून पाहू नका, अंग थोडं तिरकं ठेवा. कुठल्या अंतरावर तो ताठ होतो ते हेरा आणि त्याच्या एक पाऊल अलीकडे थांबा.

जवळ गेल्यावर तो निवांत राहू लागला की काठी घ्या, चॉपस्टिक उत्तम. टोक गजांतून आत धरा. चोच लागली, त्याच क्षणी क्लिकर (दाबल्यावर ‘टिक’ वाजणारी छोटी डबी) किंवा ‘शाब्बास’, मग खाऊ. काठीला घाबरत असेल तर नुसतं तिच्याकडे पाहिल्याबद्दलही खाऊ द्या. काठी पकडून चावत बसत असेल तर तुमचा ‘शाब्बास’ उशिरा येतोय. चोच मिटायच्या आत यायला हवा. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. त्याला अजून हवं असतानाच थांबा.

काठीमागे तो दांडीवरून दांडीवर, मग दाराबाहेर येऊ लागला की हात आणा. हात स्थिर, पोटाच्या पातळीला. पोटावर दाबून चढवायचं नाही. काठी हाताच्या पलीकडे धरा. आधी नुसतं पुढे झुकल्याचा खाऊ, मग एका पायाचा, मग दोन्ही पायांचा. चढल्यावर लगेच उतरवा आणि उतरल्याचाही खाऊ द्या. हातावर आलं की दर वेळी पिंजऱ्यातच कोंडलं जातं, असं दिसलं तर तो हातावर येणंच सोडेल.

चाव्याआधीचा क्षण ओळखायला शिका. पिसं अंगाला चिकटतात, वजन मागे जातं, शेपटी पंख्यासारखी पसरते, डोळ्याची बाहुली झपाट्याने लहानमोठी होते. काळ्या डोळ्यांच्या कॉकाटूत बाहुली दिसत नाही, तिथे तुरा बघा. एवढं दिसलं की हात मागे घ्या. यात तुमची हार नाही, त्याच्या इशाऱ्याला दिलेलं ते उत्तर आहे. तरीही चावलाच तर ओरडू नका, हात झटकू नका. जवळच्या जागेवर शांतपणे उतरवा आणि आधी काय घडलं ते लिहून ठेवा. हातमोजे घालू नका, त्यांनी भीती वाढते.

सकाळ-संध्याकाळचा कलकलाट स्वाभाविक आहे. दिवसभर किंचाळत असेल तर त्याला एखादी शीळ शिकवा आणि तिला दुसऱ्या खोलीतून लगेच प्रत्युत्तर द्या. किंचाळण्याकडे दुर्लक्ष केलं की ते आधी वाढतं. त्या टप्प्यावर धावून गेलात तर आणखी जोरात ओरडावं एवढंच तो शिकतो.

पहिले दोन-तीन आठवडे गुणी वाटलेला पोपट नंतर अचानक चावरा झाला तर घाबरू नका. बुजलेला होता, आता मोकळा होतोय. दोन पायऱ्या मागे जाऊन काठीपासून सुरू करा. कुरवाळणं फक्त डोकं आणि मानेवर, कारण पाठ आणि पंखांखाली हात फिरवला की वीण-भावना चाळवते आणि त्यातून चावे वाढतात. पिसं उपटत असेल तर आधी डॉक्टर, मग शिकवणी.

प्रवासाच्या पेटीत शिरायलाही काठीनेच शिकवा, आणि ते निकड पडायच्या आधी. पेटी आठवडाभर दार उघडं ठेवून पिंजऱ्याशेजारी असू द्या.