फाईल उडाली? थांबा, आधी या चुका टाळा

डिलीटमुळे फाईल जात नाही हो, त्यानंतरच्या अर्ध्या तासात आपण जी धावपळ करतो ना, त्याने जाते.

होतं काय, डिलीट मारलं, रिसायकल बिन पण रिकामा केला, तरी हार्डडिस्कवर डेटा तसाच पडलेला असतो, विंडोज फक्त स्वतःच्या यादीत लिहून ठेवतं की ही जागा आता मोकळी. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की विषय संपला. आणि लोक पहिलं काम काय करतात, तर रिकव्हरी सॉफ्टवेअर डाउनलोड करून त्याच ड्राईव्हवर इन्स्टॉल करतात! मी पण केलंय हे, वर सापडलेले फोटो परत तिथेच सेव्ह केले, मग काय, निम्मे फोटो वर चेहरा आणि खाली नुसता करडा पट्टा. तेव्हा सॉफ्टवेअर दुसऱ्या ड्राईव्हवर, सापडलेला माल तिसऱ्या जागी. फाईल सी ड्राईव्हवरची असेल तर कॉम्प्युटर सरळ बंद करा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा, कारण विंडोज चालू आहे तोवर ते मागे काही ना काही लिहीतच असतं, तुम्ही नुसतं यूट्यूबवर उपाय शोधत बसलात तरी.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. विंडोज 7 पासून ट्रिम नावाची सोय आहे, फाईल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला कळवतं, या जागेची आता गरज नाही, आणि एसएसडी ती सवडीने आतून साफ करून टाकते. मग कुठलंही सॉफ्टवेअर चालवा, शून्यच दिसणार. लगेच बंद केलीत तर थोडीफार आशा, पण फार नाही, खोटं कशाला सांगू.

पेनड्राईव्ह लावला आणि 'फॉरमॅट करायचंय का' असं आलं, तर कॅन्सल. चुकून क्विक फॉरमॅट झालंच तरी बरंच परत येतं, पण विंडोज व्हिस्टापासून फुल फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितं, त्यानंतर हात जोडायचे. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं टूल) पण लगेच चालवू नका, ते फाईल सिस्टीम, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे याची नोंद, दुरुस्त करतं, तुमच्या फाईली वाचवणं हे त्याचं कामच नाही, कधीकधी फाईलींचे तुकडे करून नाव-गाव नसलेल्या फाईली एका फोल्डरमध्ये टाकून देतं.

कधी कधी तर फाईल गेलेलीच नसते. पेनड्राईव्ह रिकामा दिसतोय, पण प्रॉपर्टीजमध्ये जागा भरलेली, किंवा सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत? हा बहुतेक व्हायरस, फाईली नुसत्या लपवल्यात. शॉर्टकटवर क्लिक करू नका, अँटीव्हायरस फिरवा आणि कमांड प्रॉम्प्टमधल्या अॅट्रिब कमांडने फाईलींवरचे हिडन आणि सिस्टीम हे दोन्ही शिक्के काढा. डेस्कटॉपवरच्या फाईली गायब असतील तर वनड्राईव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन स्टोरेज) एकदा डोकावा, त्याने डेस्कटॉप फोल्डर परस्पर स्वतःकडे हलवलेला असतो, माणूस इकडे रडत बसतो.

आता सगळ्यात वाईट केस. हार्डडिस्क टकटक आवाज करतेय किंवा एक फोल्डर उघडायला दहा मिनिटं घेतेय, आणि आपण त्यावर रात्रभर डीप स्कॅन लावून झोपतो. मरणाऱ्या डिस्कला पळवायला लावण्यातला प्रकार आहे हा. टकटक असेल तर बंद करा आणि डेटा खरंच महत्त्वाचा असेल तर रिकव्हरी लॅबकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय करू नका, आत दव धरतं, आणि घरी उघडून तर अजिबात बघू नका, धुळीचा एक कण हेड (डेटा वाचणारा भाग) आणि प्लॅटर (फिरणारी चकती) यांच्यामधे अडकला तरी ओरखडे. आवाज नाही, नुसती हळू आहे, तर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरून आधी पूर्ण डिस्कची कॉपी काढा, ते सोपा भाग आधी उचलतं, खराब सेक्टर शेवटी बघतं, मग जे काय स्कॅन करायचं ते त्या कॉपीवर करा.

सॉफ्टवेअर निवडताना पण लोक घाई करतात. अख्खं पार्टिशन (डी, ई असा डिस्कचा एखादा भाग) गायब असेल तर आधी टेस्टडिस्क, सगळं जमलं तर नावं-फोल्डर जसेच्या तसे मिळतात. फोटोरेक शेवटी ठेवा, ते फाईलचा प्रकार ओळखून उचलतं त्यामुळे मूळ नावं मिळत नाहीत, हजारो फाईली नुसत्या आकड्यांच्या नावाने येतात आणि त्या लावण्यात तुमचे दोन रविवार जातात. दोन्ही फुकट आहेत.

आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या यादीत फाईल हिरवी, म्हणजे शाबूत, दिसली म्हणून जुनी डिस्क लगेच पुसू नका. आधी दहा-वीस फाईली उघडून बघा, व्हिडिओ असेल तर शेवटपर्यंत ओढून बघा.