खोक्यात मावणारा भुईकोट: टेबलावरच्या लढाईसाठी दुमडता तट

छोटे शिपाई मांडून टेबलावर लढाई खेळायची तर किल्ल्याची प्रतिकृती लागते. तिचा तट बांधायला घेतला की बहुतेक जण आधी दगड कोरायला बसतात. महिनाभर खपून देखणा कोट उभा राहतो, एक-दोनदा खेळला जातो, मग माळ्यावर जातो आणि दिवाळीच्या आवराआवरीत त्याच्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, मोडतात. म्हणून सुरुवात खोक्यापासून करा. तट ज्यात राहणार ते खोकं आधी आणा, त्याची आतली मापं घ्या आणि मगच कटर हातात धरा.

जळगाव, रावेर, यावल भागात केळी भरायची जाड पुठ्ठ्याची खोकी सहज मिळतात. इथली मापं ४८ × ३६ × २२ सेंमी आतली जागा धरून दिली आहेत. तुमचं खोकं लहान असेल तर भिंतीची लांबी कमी करा, उंचीला हात लावू नका. सगळी मापं २८ मिमीच्या शिपायांसाठी, म्हणजे साधारण १:५६ प्रमाणाची आहेत. १:७२ चे शिपाई असतील तर प्रत्येक मापाला ०.७८ ने गुणा. चुंबक आणि शीटची जाडी मात्र तीच ठेवा.

जागा खाते ती फांजी, म्हणजे तटावरून चालायची वाट. शिपाई उभे राहायला किमान ५ सेंमी रुंदी लागते, त्यामुळे फांजी पक्की चिकटवलेली भिंत जवळपास ६ सेंमी जाड होते. तीच फांजी मागे खाली दुमडली तर जाडी २३ मिमीवर येते. बाकी सगळी रचना या एका गोष्टीभोवती आहे.

सामान फार नाही. फ्लेक्सच्या दुकानातून ५ मिमी सनबोर्डची (पीव्हीसी फोमच्या कडक पाटीची) अर्धी शीट आणि ३ मिमीचे थोडे तुकडे घ्या. निवडणुका किंवा लग्नसराई उलटली की तिथे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. घेताना एका तुकड्यावर पीव्हीसी सोल्युशनचा थेंब टाकून पाहा. खरा सनबोर्ड फक्त चिकट होतो. आत थर्माकोलसारखा फोम आणि वरून कागद असलेला बोर्डही त्याच नावाने विकला जातो, त्यात थेंब खड्डा पाडतो. तो घेऊ नका, पुढे स्प्रे पेंटनेही त्याचं तेच होईल. बुरुजांसाठी १४०, ११० आणि ९० मिमीचे पीव्हीसी पाइप लागतात. शेतातल्या पाइपलाइनचे उरलेले तुकडे चालतात. याशिवाय ६ × २ मिमीचे ८० चुंबक, जुन्या धोतराचं किंवा साडीचं सुती कापड, चपलांना लावतात ते रबर सोल्युशन, अॅक्रिलिक वॉल पुट्टी आणि पांढरा फेविकॉल.

एका भिंतीसाठी पुढची पाटी ३० × १३.५ सेंमी आणि मागची ३० × १० सेंमी कापा. दोन्ही खालच्या कडेला जुळवून चिकटवा. पुढची पाटी वर साडेतीन सेंमी उरते, तो कठडा. चर्या एकेक कापून चिकटवू नका, खोक्यातून काढताना पहिल्या त्याच तुटतात. पुढच्या पाटीच्या वरच्या कडेतच त्या कोरा. आपल्याकडच्या चर्या युरोपातल्या कोटांसारख्या चौकोनी दातांच्या नसतात, वर निमुळत्या, पाकळीसारख्या असतात आणि एकमेकींना जवळजवळ चिकटून असतात. रुंदी २० मिमी ठेवली की एका भिंतीवर १५ बसतात. जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा कापून घेतला तर सगळ्या सारख्या येतात. बंदूकवाला चर्येच्या फटीतून नाही, जंगीतून, म्हणजे मारा करायच्या भोकातून मारतो. म्हणून एकाआड एक चर्येत ३ मिमीचं भोक पाडा, आतून बाहेर खाली उतरतं. जंग्या खाली रोखलेल्या नसतील तर तटाच्या पायथ्याशी आलेला शत्रू दिसणारच नाही, आणि खेळातही हा नियम लावता येतो.

आता बिजागरी. इथे घाई केली तर सगळं वाया जातं. मागच्या पाटीच्या पाठीवर, तिच्या वरच्या कडेशी जुळवून, ५ × ५ मिमीची पट्टी ३० सेंमी लांब चिकटवा. ही पट्टी नसेल तर फांजी खाली पडताना टेकूंवर अडते आणि भिंत पुरती मिटतच नाही. फांजीची फळी ३० × ४ सेंमी. मागची पाटी ५ मिमी, पट्टी ५ मिमी आणि फळी ४० मिमी, अशी मिळून ५ सेंमी वाट होते. फळी पट्टीला टेकवून आडवी धरा आणि कापड खालून लावा: भिंतीच्या पाठीवरून, पट्टीच्या खालून, फळीच्या पोटावर. कापड वरून लावलं तर फळी वरच्या बाजूला उघडते आणि खाली पडायला पट्टीच आडवी येते. रबर सोल्युशन दोन्हीकडे लावून दहा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. ओलं असताना दाबलं तर कापड सरकतं.

टेकू ३ मिमी सनबोर्डचे, काटकोनी त्रिकोण, वर ३५ मिमी आणि उभे ६० मिमी. दोन्ही टोकांपासून ५ सेंमीवर उभ्या कापडी बिजागरीने लावा, असे की मिटताना दोघे मध्याकडे वळतील. उघडताना फांजी उचला आणि टेकू काटकोनात बाहेर काढा. मिटताना आधी टेकू आत, मग फांजी खाली.

बुरुजाला पाइप १२ सेंमी कापा. सरळ काप यावा म्हणून पाइपाभोवती कागद घट्ट गुंडाळा, कागदाच्या कडा एकमेकींवर जुळल्या की त्या कडेने रेघ मारून करवत चालवा. वर ३ मिमीचा दगडी थर दिला तरी ९० चा बुरूज ११० च्या पोटात आणि ११० चा १४० च्या पोटात जातो. घरातल्या डब्यात डबा ठेवतात तसंच. माथा मात्र सुटा हवा: सनबोर्डची चकती, खाली पाइपाच्या आतल्या मापाची दुसरी चकती म्हणजे माथा सरकत नाही, आणि कडेने ५ मिमी ईव्हीए फोमच्या चर्या. सनबोर्ड वळवला तर तडकतो, फोम वळतो. तिन्ही माथे एकात एक ठेवले की साडेसहा सेंमी उंची होते.

भिंत आणि बुरूज यांचा सांधा अवघड वाटतो, पण नाही. भिंतीची कड १० मिमी रुंद आहे. ११० च्या पाइपाच्या गोलाईवर तिच्या कोपऱ्यापाशी पाव मिलिमीटरहून कमी फट राहते. तेवढी जागा सोडून दगडी थर द्या, म्हणजे १४ मिमीची उभी पट्टी कोरी ठेवा. फांजीच्या मागच्या टोकाशी मात्र दोन-अडीच सेंमी फट पडते, तिथे ४ × ५ सेंमीची सुटी फळी टाका.

चुंबक प्रत्येक कडेत तळापासून २ आणि ९ सेंमीवर, भोकाचा साचा करूनच. बाहेरून पाहताना डाव्या कडेला वर उत्तर ध्रुव आणि खाली दक्षिण, उजव्या कडेला बरोबर उलट. हा नियम पाळला तर कुठलीही भिंत कुठल्याही भिंतीला लागते. बसवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या एका तोंडावर मार्करने टिंब द्या आणि एपॉक्सीत बसवा. एक जरी उलटा बसला तरी ती भिंत पुढे कायम भांडत राहते. बुरुजाला अशा तीन उभ्या ओळी द्या, समोरासमोर दोन आणि काटकोनात एक, म्हणजे तोच बुरूज मध्येही चालतो आणि कोपऱ्यातही.

दगड काळा बेसाल्ट. ६० × ३० सेंमीचा चिरा या प्रमाणात ११ × ५ मिमी होतो. सगळे याहून मोठे कोरतात आणि तट खेळण्यातला दिसतो. सनबोर्ड ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, नाहीतर पुट्टी पापडासारखी निघते. पुट्टीत पाचास एक फेविकॉल मिसळून २ ते ३ मिमी थर द्या आणि बोट लावल्यावर ठसा उमटतो पण चिकटत नाही, तेव्हा रिकाम्या बॉलपेनने रेघा मारा. चिरे गवंडी रचतो तसे, सांधा मोडून. पुट्टी सुकताना एका बाजूने ओढते आणि भिंत धनुष्यासारखी वाकते, म्हणून रात्रभर दोन्ही टोकांना विटा ठेवा. रंग नुसता काळा नको. काळ्यावर गडद राखाडी, मग कोरड्या ब्रशने मातकट पिवळा फक्त कडांवर. तळाच्या दोन सेंमीवर तो जरा जास्त, कारण आपल्याकडची धूळ तिथेच बसते.

दोन तुकडे जास्तीचे करा. पहिला, पडका तट. १८१८ च्या जूनमध्ये मालेगावच्या वेढ्यात दारूकोठार उडालं आणि आतल्या तटाचा भाग खंदकात कोसळला. असं खिंडार दाखवायला एक भिंत तीन तुकड्यांत करा, मधला चुंबकावर. त्याच्या जागी ठेवायला पुट्टीच्या खपल्यांचा ढिगारा एका पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा. दुसरा, दरवाजा. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला तापीकाठी थाळनेरला चकमक पेटली ती आतल्या दरवाजाच्या दिंडीत, म्हणजे मोठ्या दारातल्या लहान दारात. म्हणून दरवाजा एकेरी नको. दोन कमानी करा, ६ सेंमी रुंद, आणि मांडताना मध्ये किमान १० सेंमी मोकळी जागा सोडा. ठेवताना दोन्ही सपाट एकावर एक जातात.

खोक्यात बुरुजांचे दोन संच शेजारी-शेजारी, मग ८ भिंती उभ्या. उरलेल्या १२ सेंमीत पडका तट आणि दरवाजा, सगळ्यांच्या वर माथे. भिंतींमध्ये सुती कापड घाला. वर्तमानपत्र नको, उन्हाळ्यात अॅक्रिलिक रंग मऊ होतो आणि अक्षरं उमटतात. खोकं धाब्याच्या खोलीत ठेवा, पत्र्याखाली नको. मे महिन्यात पत्र्याखाली ग्लूगनचा गोंद सुटतो, म्हणूनच या सगळ्या कामात तो कुठेही वापरलेला नाही. आणि कसरीच्या भीतीने डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे शिपाई मऊ पडतात. सुकवलेला कडुनिंबाचा पाला टाका.