रिअल एल आणि भिंतीवरच्या टोप्या: इंग्लिश पबात जाताना

रिअल एल (जुन्या पद्धतीची इंग्लिश बिअर) आणि खेळांच्या जुन्या वस्तू, या दोन्हींसाठी नावाजलेल्या पबात जायचं तर आधी वेळ ठरवा, कोणती बिअर प्यायची ते नंतर. भिंती निवांत बघायच्या तर पब रिकामा हवा, आणि एल ताजी हवी तर पब वाहता हवा. दोन्ही थोडंथोडं साधणारी वेळ म्हणजे गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी 3 ते 5. जेवायला आलेले लोक पांगलेले असतात आणि बिअर ओढायचे पंप सकाळपासून चाललेले असतात.

दार उघडताच पोहोचण्यात फायदा नाही. तळघरापासून पंपापर्यंतच्या नळीत रात्रभर पडून राहिलेली बिअर शिळी होते. चांगल्या पबात ती आधी ओढून फेकतात. आळशी पबात ती पहिल्या गिऱ्हाइकाच्या पेल्यात जाते. खेड्यातले बरेच पब दुपारी बंद असतात, काही सोमवारी उघडतच नाहीत, आणि पब उघडा असला तरी स्वयंपाकघर चालू असेलच असं नाही. निघण्याआधी एक फोन करावा.

आता एलकडे. रिअल एल म्हणजे पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी, जिवंत यीस्ट असलेली बिअर. बाहेरून कार्बन डायऑक्साइडचा दाब न देता ती वाढतात. तळघराचं तापमान 11 ते 13 अंश सेल्सियस असतं. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ हा समज इथूनच आला. पण बर्फगार नसणं वेगळं आणि कोमट असणं वेगळं. पेला हाताला गार लागलाच पाहिजे. कोमट लागला तर दोष तळघराचा किंवा नळीचा.

पिंपातून बिअर उपसली की तिच्या जागी हवा आत शिरते. म्हणून तोंड उघडल्यावर पिंप साधारण तीन दिवसांत संपायला हवं. पुढे ती आधी मवाळ पडते, मग आंबट होते. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात. त्यात 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट मावतात (पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर). आता हिशेब करा. आठ हँडपंप असलेल्या पबाला सगळी एल ताजी ठेवायची तर रोज 192 पाइंट खपवावे लागतील. मंगळवारी दुपारी चार म्हातारे आणि एक कुत्रा बसलेल्या पबात आठ पंप दिसले तर हुरळून जाऊ नका, सावध व्हा. तिथे तीन पंप असते तर बरं वाटलं असतं.

कोणता पंप निवडायचा? पाच मिनिटं उभं राहून बघा, नेहमीचे लोक कशावर हात दाखवतात ते. तीच मागा. पंपावर बिअरच्या नावाचा बिल्ला असतो. तो उलटा फिरवलेला असेल तर ती बिअर संपली आहे किंवा अजून तयार नाही. ठरत नसेल तर ‘कुड आय ट्राय अ टेस्ट?’ म्हणा, घोटभर चाखायला देतात. मात्र बारवर गर्दी असताना सहा-सहा चवी मागत बसू नये. पहिल्यांदा जाणाऱ्याने 3.5 ते 4.2 टक्के अल्कोहोलच्या, ‘बिटर’ नावाच्या साध्या एलपासून सुरुवात करावी. नाव बिटर असलं तरी ती फार कडू नसते, आणि पिंप नीट सांभाळलंय की नाही हे तिच्यात लगेच कळतं. तिखट हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) किंवा काळ्या दणकट बिअरमध्ये बारीकसारीक दोष झाकले जातात.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट विचारून घ्यावी. एल नितळ व्हावी म्हणून पिंपात बहुधा आयसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढलेला पदार्थ. तो यीस्टला घेऊन तळाशी बसतो. तो नको असेल तर ‘अनफाइन्ड’ किंवा ‘व्हीगन’ लिहिलेली एल मागा. ती जराशी गढूळ दिसली तरी ठीक आहे.

वेटरची वाट बघत बसू नका. ऑर्डर बारवरच द्यायची असते. रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाच्या ध्यानात असतं. बारवाल्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर ‘हे माझ्या आधी आहेत’ म्हणून बोट दाखवा. एवढ्यावर पबात तुमची पत वाढते. नोटा फडकवणं, टिचक्या वाजवणं अजिबात नको. पैसे तिथल्या तिथे द्यायचे. बारवर टिप ठेवण्याची पद्धत नाही. फार खूश असाल तर ‘अँड वन फॉर युअरसेल्फ’ म्हणतात, म्हणजे बारवाल्याच्या पेल्याचेही पैसे आपण देतो. चौघे असाल तर आळीपाळीने सगळ्यांसाठी आणायचं. दुसऱ्यांच्या तीन फेऱ्या पिऊन आपली पाळी आल्यावर निघणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, पण विसरतही नाही. झेपत नसेल तर हाफ, म्हणजे अर्धा पाइंट, मागा; एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश ही मापंही कायदेशीर आहेत.

पेला हातात आला की लगेच भसाभसा पिऊ नका. उजेडासमोर धरा, वास घ्या, मग एक छोटा घोट. व्हिनेगरसारखा वास म्हणजे पिंप फार दिवस उघडं. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअरला हवा लागली. लोण्याचा ठसठशीत वास म्हणजे आंबवण अर्धवट राहिलं किंवा नळ्या नीट धुतल्या नाहीत. गढूळपणाला मात्र घाईने दोष देऊ नये. तळघर फार थंड असेल तर बिअर धुरकट होते आणि पेल्यात दहा मिनिटांत निवळते. पण गढूळ आणि आंबट, किंवा पेल्याच्या तळाशी यीस्टचे कण, म्हणजे पिंपाचा तळ आला. बिअर खराब असेल तर दोन-तीन घोटांतच परत न्या. अर्धा पेला संपवून तक्रार केली तर कोण ऐकेल? आवाज न चढवता ‘ही बरोबर वाटत नाही’ एवढं पुरे. चांगला पब वाद न घालता बदलून देतो. फेस जास्त आणि बिअर कमी असेल तर ‘टॉप अप, प्लीज’ म्हणायला लाजू नका. उत्तर इंग्लंडमध्ये पंपाच्या तोटीला बारीक भोकांची चकती लावून दाट फेस काढतात, दक्षिणेत ती सहसा लावत नाहीत. दोन्हीकडे आपलंच बरोबर यावर हाणामारीला येतील इतकी मतं आहेत.

मग भिंती. नॉटिंगहॅमचा ट्रेंट ब्रिज इन बघा: क्रिकेटपटू विल्यम क्लार्कने 1837 साली या पबाच्या मालकिणीशी, मेरी चॅपमनशी, लग्न केलं आणि मागच्या जागेत क्रिकेटचं मैदान आखलं. आजचं कसोटी मैदान ते हेच. हॅम्पशरमध्ये हॅम्बल्डनचा बॅट अँड बॉल इन 18व्या शतकातल्या प्रसिद्ध क्रिकेट क्लबच्या मैदानासमोर उभा आहे. तो गावाबाहेर आहे, त्यामुळे परतीचं वाहन आधी ठरवा. रग्बीसाठी ट्विकेनहॅमचा कॅबेज पॅच, म्हणजे ‘कोबीचा मळा’: 1907 साली स्टेडियमसाठी घेतलेली जमीन भाजीमळ्याची होती, नाव त्यावरून पडलं.

चौकटींच्या काचेवर दिव्यांची तिरीप पडते, म्हणून फोटो समोरून न घेता जरा बाजूने घ्या आणि फ्लॅश बंद ठेवा. सह्यांच्या बॅटवर डोळा तिरका लावून बघा: खऱ्या शाईचा दाब आणि चमक सहीगणिक बदलते, छापील सह्या एकसारख्या सपाट दिसतात. गोंड्याच्या मखमली टोप्या दिसल्या तर त्यावर भरतकामात काढलेली सालं वाचा. ‘कॅप मिळाली’ हा शब्दप्रयोग याच टोप्यांवरून आला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1886 मध्ये त्या खेळाडूंना द्यायचं ठरवलं. हात मात्र कशालाच लावू नये. भिंतीलगतच्या बाकावर कोणी बसलं असेल तर त्याच्या डोक्यावरून वाकू नका, आधी विचारा. बहुतेक वेळा तोच माणूस पुढची सगळी माहिती सांगतो.

बोलणं सुरू करायला आपल्याकडे 1971 आहे. रिअल एल वाचवणारी कॅम्रा ही चळवळ त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये वाडेकरांच्या भारतीय संघाने ओव्हलवर इंग्लंडविरुद्धचा कसोटी सामना जिंकला. चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी क्रिकेटच्या पबात अजूनही कोणाला तरी आठवतात.

सामन्याच्या दिवशी मैदानाजवळचे पब तुडुंब भरतात. फुटबॉलच्या दिवशी तर दारावर ‘होम फॅन्स ओन्ली’ अशी पाटीही असते. गळ्यात पाहुण्या संघाचा मफलर असेल तर वाद न घालता दुसरा पब शोधा. दारू विकत घ्यायला वय 18 लागतं, पण पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. पासपोर्ट सोबत असू द्या. मुलांना आत घेतात का, आणि किती वाजेपर्यंत, हे त्या त्या पबावर आहे. गाडी चालवायची असेल तर पिऊच नका.

घंटा वाजली की शेवटची ऑर्डर. त्यानंतर हातातला पेला संपवायला थोडा वेळ मिळतो. निघताना रिकामे पेले उचलून बारवर ठेवावेत.