आधी गळे मोजा, मग नाटक ठरवा

यंदा गोव्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, तीन नाटकं करायचं ठरतंय. कार्तिकात जत्रेच्या रात्री ‘संशयकल्लोळ’, माघात ‘मोरूची मावशी’ आणि शिगमो, म्हणजे आमची होळी, उरकला की फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात ‘सौभद्र’. पलीकडच्या वाड्यावरची मुलं परवा भर पावसात घरी आली आणि म्हणाली, “बाई, आमचं एक नाटक उभं राहत नाही, तुम्ही तीन कशी बसवता?” मी तीस वर्षं विंगेत पुस्तक मांडीवर घेऊन बसते आहे. विसरलेली ओळ सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरला नाटक कुठे अडतं ते सगळ्यांच्या आधी कळतं. त्या मुलांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

बहुतेक मंडळं सुरुवात करतात ती आवडीच्या नाटकापासून. कुणी म्हणतो ‘मानापमान’, कुणी म्हणतो ‘कट्यार’, आणि मग ते नाटक पेलणारी माणसं शोधायची धावपळ. तुम्ही उलट करा. वाड्यावर गाणारे किती आहेत ते आधी मोजा, नाटक नंतर.

गळे ऐकायला चवथीसारखी, म्हणजे गणेशचतुर्थीसारखी, संधी नाही. घरोघरी घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या होतात तेव्हा मी वही घेऊन एका कोपऱ्यात बसते. पहिल्या घरी सगळेच छान गातात. रात्री अकरा वाजता, चौथ्या घरी, करंज्या-नेवऱ्या खाऊन झाल्यावर कोणाचा सूर जागेवर आहे ते ऐकायचं. संगीत नाटकातला तिसरा अंक म्हणजे ते चौथं घर असतं. ज्याचा आवाज तिथे टिकतो त्याचं नाव वहीत लिहायचं, पुढे पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कोणत्या सुरापासून तो गातो ते, लिहायचं: काळी एक, काळी दोन, बायकांची काळी चार किंवा पांढरी पाच. शब्द स्पष्ट येतात का तेही लिहायचं. नाट्यपदात शब्द कळला नाही तर प्रसंगच कळत नाही.

ही वही समोर ठेवून नाटक ठरतं. ‘सौभद्रा’ला अर्जुन, सुभद्रा, कृष्ण, रुक्मिणी, नारद असे पाच गाणारे हवेत. ‘संशयकल्लोळ’ला अश्विनशेठ आणि रेवती असे दोन पक्के गळे असले की भागतं. फाल्गुनराव, कृत्तिका आणि भादव्याला विनोदाची वेळ साधता आली पाहिजे. एकही गाणारा नसेल तर ‘मोरूची मावशी’सारखं गद्य विनोदी नाटक घ्या आणि ते नीट करा. त्यात काही कमीपणा नाही. साडी नेसून अंकभर वावरणं आणि लोकांना हसवत ठेवणं हे काम गाण्याइतकंच कठीण आहे.

आमच्याकडे एक मुलगा ‘देवाघरचे ज्ञात कुणाला’ फार सुंदर म्हणतो. त्याच्यासाठी ‘मत्स्यगंधा’ करायचं असा एका वर्षी सगळ्यांचा हट्ट होता. अभिमान मलाही आहे. १९६४ साली धि गोवा हिंदू असोसिएशनने ते नाटक रंगभूमीवर आणलं आणि संगीत आमच्या मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. पण बैठकीत बसून एक पद म्हणणं वेगळं आणि दाढी-जटा लावून, उभ्याने, संवाद बोलून धाप लागलेली असताना तेच पद उचलणं वेगळं. आम्ही त्याला महिनाभर चालता-बोलता गायला लावलं. आवाज बसला. नाटक रद्द केलं, आणि तो मुलगा पुढे दोन वर्षं तालमीला फिरकला नाही. त्याची चूक नव्हती, आम्ही निवडीत घाई केली. यंदा तो अश्विनशेठ करतोय. ‘सुकांत चंद्रानना’ त्याच्या गळ्यावर अगदी बसलंय.

पहिल्यांदाच हंगाम आखत असाल तर ‘संशयकल्लोळ’ घ्या असंच मी सांगेन. गाणी आहेत, हसू आहे, आणि युद्ध, राजदरबार यांचा खर्च नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी ते आधी ‘फाल्गुनराव’ नावाने गद्यात लिहिलं होतं, पदं घातलेलं नाटक १९१६ सालचं. कथेचं मूळ मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनात, तेही इंग्रजीमार्गे आलेलं, पण फाल्गुन, आश्विन, भादवा, वैशाख हे महिने आणि रेवती, कृत्तिका ही नक्षत्रं माणसांची नावं होऊन वावरू लागली की ते परकं आहे असं मनातही येत नाही. एक वस्तू मात्र जपा, ती तसबीर. सगळा घोटाळा तिच्यावर उभा आहे. शेवटच्या रांगेतून दिसेल एवढी मोठी आणि कृत्तिकेच्या हातात मावेल एवढी लहान करा, आणि दोन करा. एक विंगेत माझ्याजवळ असते.

परवानगीचं काम लवकर उरका. लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यापासून पुढे ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. ‘सौभद्र’ लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, देवल १९१६ साली, तेव्हा ‘सौभद्र’ आणि ‘संशयकल्लोळ’ दोन्ही मोकळी आहेत. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे ‘मोरूची मावशी’चे हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहेत. हौशी मंडळाने तिकीट न लावता किंवा देवस्थानाच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. तरी आम्ही पत्र पाठवतो, जमेल ते मानधन पाठवतो. ज्याच्या शब्दांवर आपण रात्रभर टाळ्या घेणार त्याच्या घरच्यांना कळवलं पाहिजे असं मला वाटतं.

आता वेळ. आमच्या लहानपणी जत्रेतलं नाटक पालखी आत गेल्यावर सुरू व्हायचं आणि पहाटे संपायचं. आता उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. सरकारने जाहीर केलेल्या थोड्या दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण तुमची जत्रा त्या दिवसांत येतेच असं नाही. एका वर्षी आमचं नाटक शेवटच्या प्रवेशात होतं आणि दहा वाजले. माईक बंद झाला. सुभद्रा तशीच गात राहिली. पुढच्या चार रांगांनी ऐकलं, मागचे लोक उठून गेले. त्या रात्री मी ठरवलं की घड्याळ नाटकाच्या आधी वाचायचं.

म्हणून देवळाच्या प्रांगणात आम्ही दोन तास वीस मिनिटांच्या वर जाणारं नाटक घेत नाही. साडेसातला नांदी म्हणजे साडेसातलाच. पाहुण्यांचे सत्कार आणि भाषणं दुसऱ्या दिवशी. ‘सौभद्रा’त शंभराच्या वर पदं आहेत, ती कितीही कापली तरी उघड्यावर बसत नाहीत. म्हणूनच ते बंद सभागृहात नेलं. पलीकडच्या मुलांचं नाटक इथेच अडतं असं मला वाटतं. नाटक आवडीचं, जागा देवळाची, आणि दोघांचा मेळ कुणी घातलेला नसतो.

कापायचं कसं? तालमीत नाही, आधी घरी बसून. एकट्याने मोठ्याने वाचायचं, मोबाईलवर वेळ लावायची, प्रत्येक प्रवेशाची मिनिटं समासात लिहायची. पदाची मिनिटं वेगळी, कारण गाणारा रंगला की तीनाची सहा होतात आणि वन्समोर आला की नऊ. वन्समोरसाठी दहा मिनिटं हातची ठेवा. ज्या पदात कथा पुढे सरकते ते ठेवायचं, आधीच्याच भावना पुन्हा सांगणारं पद काढायचं. पण ‘सौभद्रा’तली काही पदं काढायचा अधिकार आपल्याला नाही. ‘प्रिये पहा’, ‘वद जाऊ कुणाला शरण’, ‘नच सुंदरी करू कोपा’ ही लोकांची तोंडपाठ असतात. दुसरं एक पद आम्ही काढलं तेव्हा प्रयोगानंतर एक म्हाताऱ्या काकी विंगेत आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, “गे बाय, तें पद कित्याक कापलें?” म्हणजे का कापलं? तेच पद त्या चुलीपुढे गुणगुणायच्या. पुढच्या प्रयोगाला आम्ही ते परत घातलं आणि दोन संवाद उडवले.

तारखा ठरवताना शेजारच्या गावांची पंचांगासारखी माहिती हवी. माघात मंगेशीची जत्रा असते, त्या दिवसांत नाटक लावलंत तर तुमचाच तबलजी तिकडे असेल. शिगम्यात जांबावलीचा गुलाल असतो, तिथेही नाटकं होतात. सभागृहाची तारीख मिळाली की बाकीच्या दोन तिच्याभोवती बसवा.

तालमीला पंचेचाळीस दिवस धरा. चवथ झाली, भातकापणी आटोपली की सुरू. पहिले आठ दिवस कुणी उभं राहायचं नाही, फक्त वाचन आणि पेटीवर पदं. पावसात पेटीच्या पट्ट्या फुगतात आणि अडकतात. आमची पेटी आम्ही चार महिने बल्ब लावलेल्या कपाटात ठेवतो. तबलजी तिसऱ्या आठवड्यापासून रोज हवा. शेवटच्या दोन दिवसांत येणारा तबलजी कितीही मोठा असला तरी नको, कारण गाणाऱ्याला त्याची सवय झालेली नसते. दोन रंगीत तालमी करा, त्यातली एक प्रयोगाच्याच जागी.

स्त्री भूमिकांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हे मी जवळून पाहिलंय. मी लहान असताना सुभद्रा पुरुषच करायचे. नंतर बाहेरून नटी बोलवायची पद्धत आली. ती बिचारी एका तालमीवर उभी राहायची, आणि तिची पदं, तिची पट्टी, तिचे संवाद यांच्याभोवती आमचे लोक कसेबसे जुळवून घ्यायचे. वाड्यावरच्या मुली नाटकात हव्या असतील तर त्यांच्या आईकडे स्वतः जा. तालीम नऊला संपेल असं सांगा आणि खरोखर नऊला संपवा. घरी सोडायला कोण येणार त्याचं नाव सांगा. या तीन गोष्टी पाळायला लागल्यापासून आम्हाला नटी बोलवावी लागलेली नाही. यंदाची कृत्तिका बँकेत नोकरी करते, दोन मुलांची आई आहे, आणि तिचा संशय बघून तिच्या सासूबाईंना हसू आवरत नाही.

पडदे आमच्याकडे तीनच आहेत, रस्ता, महाल आणि उपवन, बांबूवर गुंडाळलेले. तिन्ही नाटकं त्यांतच बसतात हे बघूनच निवडली. ड्रेपरी, म्हणजे पोशाख, भाड्याने येते, ती फक्त ‘सौभद्रा’ला लागते. खर्चाचं एवढंच.

ध्वनीवाल्याला मात्र रंगीत तालमीला बोलवाच. एकदा भाड्याने आणलेल्या माणसाने सगळे माईक वादकांपुढे लावले. लोकांनी अडीच तास तबला ऐकला. गाणाऱ्यासाठी दोन माईक वर टांगलेले, एक पुढे खाली, आणि पेटी-तबल्याला एक लांबून, एवढं पुरतं.

आणि प्रॉम्प्टर. पुस्तक कापून प्रत्येक पानामागे कोरं पान शिवा. कोण कुठून येतो, कोणाच्या हातात काय, कुठे कोण हमखास विसरतो, सगळं त्यावर. ओळ सांगायची ती पूर्ण नाही, पहिले दोन शब्द, नट श्वास घेतो त्या क्षणी. त्याच्या ओठांकडे बघत राहिलात की तो क्षण कळतो.

आमच्या वहीत ‘सौभद्रा’चे चार गळे लिहून झालेत. नारद अजून नाही. ‘राधाधर मधुमिलिंद’ म्हणत तो आत आला की पुढचं सगळं नाटक त्या सुरावर चढतं, तेव्हा कुणालाही उभं करून चालणार नाही. दसऱ्यापर्यंत मिळाला नाही तर कला मंदिराची तारीख सोडून ‘सौभद्र’ पुढच्या वर्षी. चवथीत तुमच्या बाजूला चौथ्या घरी कुणी खणखणीत, काळी दोनमध्ये आरती म्हणताना ऐकलात, तर त्याला आमच्या वाड्यावर पाठवा. नऊला तालीम सुटते, घरी पोचवायची जबाबदारी आमची.