टर्बो गाडी जोरात पळवून थांबवताना या चुका टाळा

चाळीसगावकडून कन्नड घाट चढून आलेली गाडी माथ्यावर कडेला लागते आणि दार उघडायच्या आत इंजिन बंद होतं. माथ्यावरून खानदेशचा सपाट मुलूख बघायची घाई कोणालाही होईल. पण गाडी बंद करायला याहून वाईट वेळ नाही. सगळा चढ टर्बोने, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाने, जोर लावून काढलेला असतो आणि तो सर्वांत तापलेला असतानाच त्याचं ऑइल तोडलं जातं. शर्यतीच्या ट्रॅकवर वीस मिनिटं गाडी पिळून थेट पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यावर, आणून बंद केली, तर हेच नुकसान कितीतरी जास्त होतं.

टर्बोचा एक पंखा एक्झॉस्टच्या धुरावर फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो आणि दोघांना जोडणारा एक बारीक शाफ्ट असतो. पेट्रोल गाडीला पूर्ण लोड दिला की एक्झॉस्टचा वायू 900 ते 950 अंश सेल्सिअसपर्यंत जातो. डिझेलचा त्याहून बराच कमी असतो. छोट्या पेट्रोल टर्बोचा शाफ्ट तेव्हा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेत असतो. इतक्या वेगाला बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंग नसतं. शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल वंगणाचं काम करतं आणि शाफ्टची उष्णताही वाहून नेतं.

इंजिन बंद झालं की ऑइल पंप थांबतो. टर्बाइनचं लोखंडी कवच मात्र अजून शेकडो अंशांवर असतं. चुलीवरून उतरवलेल्या तव्यावर कळण्याची भाकरी जशी शेकत राहते, तसं बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल शेकत राहतं आणि त्याचा कडक काळा कार्बन होतो. एकदा असं झालं तर काही कळत नाही. दर वेळी एक पापुद्रा चढतो, ऑइलची वाट अरुंद होते आणि एक दिवस टर्बो शिट्टी मारायला लागतो.

थांबून थंड करायची चूक

सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात, आणि त्यात काळजी घेणारेही आले. गाडी तापलेली आणून उभी करायची आणि पाच मिनिटं न्यूट्रलला चालू ठेवायची. किल्ली फिरवून मोकळं होण्यापेक्षा हे नक्कीच बरं. पण उभ्या गाडीच्या रेडिएटरला फक्त फॅनची हवा मिळते. टर्बोने दाबलेली गरम हवा निववणाऱ्या इंटरकूलरला बहुधा तीही पुरेशी मिळत नाही आणि ब्रेकला तर अजिबात मिळत नाही. आयडलिंगला, म्हणजे इंजिन उभ्या गाडीत नुसतं चालू असताना, ऑइलचा दाब आणि प्रवाहही कमी असतो.

टर्बो थंड करायचा तो गाडी चालती असताना. ट्रॅकवर शेवटचा लॅप संथ काढायचा. वरचा गिअर टाकायचा, आरपीएम दोन-अडीच हजारांच्या आसपास ठेवायचा, बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, येऊ द्यायचा नाही आणि ब्रेकला शक्य तितका कमी हात लावायचा. एक्झॉस्ट थंड झालेला असतो, ऑइल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) फिरत असतात आणि समोरून वारा लागत असतो. असा लॅप झाल्यावर पिटमध्ये मिनिटभर आयडलिंग पुरतं.

किती लॅप काढायचे हे ट्रॅकवर ठरतं. आपल्या भागात ट्रॅक नाही. जळगाव-धुळ्याचे हौशी लोक जातात ते चेन्नईजवळ, कोइंबतूरला किंवा ग्रेटर नोएडाला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचा लॅप 5.125 किलोमीटरचा आहे, तिथे एक संथ लॅप भरपूर झाला. चेन्नईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा आहे, तिथेही बहुतेक वेळा एक पुरतो. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे मात्र जेमतेम 2.1 किलोमीटरचा आहे. तिथे एका लॅपवर समाधान मानू नका, दोन काढा. सेशन, म्हणजे ट्रॅकवरची आपली पाळी, संपल्याचा झेंडा दिसल्यावरही शेवटच्या सरळ पट्ट्यावर गाडी रेटायचा मोह बऱ्याच जणांना आवरत नाही. त्याने संथ लॅपचा सगळा फायदा जातो.

घाटालाही हाच हिशोब. घाट म्हणजे ट्रॅक नव्हे. समोरून एसटी येते, वळणावर गुरं असतात, तिथे शर्यत करूच नये. पण भरलेली सात सीटर गाडी एसी लावून सरळ नियमात चढवली तरी टर्बो चांगलाच तापतो. तोरणमाळला वर पोचलात की यशवंत तलावापर्यंतचा उरलेला रस्ता हलक्या पायाने काढा, मग खुशाल गाडी लावून उतरा. कन्नड घाटात माथ्यावर न थांबता दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन थांबा. महामार्गावर बराच वेळ वेगात आलात तर ढाबा दिसायच्या आधीच पाय सैल करा.

आणि रोजच्या वापरात एवढं काही लागत नाही. भाजी आणायला जाऊन आल्यावर दारात तीन मिनिटं गाडी चालू ठेवणारे नुसतं इंधन जाळतात. गल्लीत शिरताना गाडी हळू चालवली, तेवढ्यातच टर्बो निवलेला असतो.

रेस देऊन बंद करणं

ही जुनी सवय ट्रक-ट्रॅक्टरवरून कारमध्ये आली आणि अजून गेलेली नाही. बंद करायच्या आधी एक जोरदार रेस द्यायची आणि त्याच दमात किल्ली फिरवायची. टर्बो गाडीचं याने सरळ नुकसान होतं. रेस दिली की शाफ्ट वेग घेतो, किल्ली फिरली की ऑइल तुटतं आणि शाफ्ट कोरडाच फिरत राहतो. नवीन ड्रायव्हर ठेवला असेल तर पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून सांगा, "रेस देऊ नको रे भो, गाडी तशीच शांत बंद कर."

उन्हाळा हिशोबात न धरणं

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंश ओलांडतो. रेडिएटर उष्णता फेकतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. कूलंट 100 अंशांवर असताना बाहेर 25 असतील तर फरक 75 चा पडतो. बाहेर 45 असतील तर 55 चाच उरतो. म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच फॅन असूनही उष्णता फेकायची ताकद चौथाईहून जास्त घटली. थंडीतल्या अंदाजाने उन्हाळ्यात गाडी बंद करू नका, संथ चालवायचं अंतर सरळ वाढवा.

शेवटच्या टप्प्यात एसी बंद करा, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि आपली उष्णता मागे देतो. तापमानाचा काटा खरंच वर चढत असेल तर काचा खाली घेऊन हीटर पूर्ण लावा. 45 अंशांच्या उन्हात हीटर लावणं नको वाटतं, पण हीटरचा गाभा म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि त्याने काटा खाली येतो. गाडी थांबवल्यावर बॉनेट उघडलं तर अडकलेली गरम हवा वर निघून जाते. पण बंद गाडीचाही फॅन अचानक सुरू होतो. गळ्यातला रुमाल, ओढणी आणि बोटं लांब ठेवा.

पाणी ओतणं, झाकण उघडणं

तापलेल्या इंजिनावर किंवा ब्रेक डिस्कवर बाटलीभर गार पाणी ओतू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारी नळी) आणि डिस्क बहुधा ओतीव लोखंडाच्या असतात, एकाच बाजूने गार झाल्या की तडकतात किंवा वाकतात. रेडिएटरचं झाकण तर हात लावण्याइतपत थंड होईपर्यंत उघडायचंच नाही. दाबाखालचा कूलंट 100 अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि तो तोंडावर उसळतो.

हँडब्रेक

ट्रॅकवर डिस्क 500 अंशांच्या पुढे जाते. अशा डिस्कवर हँडब्रेक ओढला की पॅड एका जागी चिकटून बसतो आणि तिथे पॅडचा मसाला लागतो. पिटमध्ये पाय ब्रेकवर दाबून बसलात तर चारही चाकांना तेच होतं. पुढे महामार्गावर ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं आणि गॅरेजमध्ये डिस्क वाकली म्हणून सांगतात. गाडी सपाट जागी आणा, पहिल्या गिअरमध्ये बंद करा आणि मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा. एक मोठा चपटा दगड डिकीत ठेवायला काहीच हरकत नाही.

ब्रेक ऑइलकडेही बघा. डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उकळबिंदू नवा असताना किमान 230 अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो. गाडी थांबली की वारा थांबतो आणि डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागात, आणि त्यातल्या ऑइलमध्ये शिरते. म्हणून पेडल चालत्या गाडीत ठणठणीत असतं आणि दहा मिनिटं थांबून परत निघताना मऊ लागतं. असं झालं तर निघू नका. थंड होऊ द्या, ऑइल बदला, मगच पुढचं सेशन.

नव्या गाड्यांच्या दोन गोष्टी

गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारं ऑटो स्टार्ट-स्टॉप ट्रॅकवर जायच्या आधी बटणाने बंद करा. बहुतेक गाड्या गरम असताना इंजिन स्वतःहून बंद करत नाहीत, पण त्या भरवशावर का राहायचं? एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 डिझेलमध्ये काजळीचा फिल्टर असतो आणि लांबच्या वेगवान प्रवासात तो स्वतःला जाळून साफ करत असतो. थांबल्यावर फॅन जोरात ओरडतोय आणि आयडलिंग नेहमीपेक्षा वर आहे असं दिसलं, तर ते काम चालू आहे असं समजा आणि आणखी थोडं अंतर चालवून या.

टर्बो टायमर बसवून घ्यायचा आग्रह अजून काही दुकानदार करतात. किल्ली काढल्यावरही तो इंजिन चालू ठेवतो. पण मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 प्रमाणे सार्वजनिक जागी चालकाच्या सीटवर कोणी नसताना इंजिन चालू ठेवून गाडी उभी करता येत नाही. आजच्या बऱ्याच पेट्रोल टर्बोंना कूलंटचं वेगळं आवरण असतं आणि काहींमध्ये इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप ते फिरवत राहतो. टायमरचे पैसे चांगल्या सिंथेटिक ऑइलवर घाला. मिनरल ऑइलपेक्षा ते जास्त उष्णता सोसतं आणि उशिरा जळतं. ट्रॅकवरून आल्यावर पुढच्या सर्व्हिसची वाट न बघता ते बदलून टाका.

टायरचं राहिलं. ट्रॅकवर दाब पाच-सहा पीएसआयने चढतो म्हणून हवा कमी केलेली असते. टायर गार झाल्यावर तीच हवा धोकादायक कमी ठरते. घरी निघायच्या आधी भरून घ्या.

काय दिसलं तर काय समजायचं

गाडी बंद केल्यावर फॅन काही मिनिटं चालू राहणं आणि खालून टिक-टिक आवाज येणं यात बिघाड नाही, धातू आकसतो त्याचा तो आवाज. थांबून परत निघाल्यावर गाडी थोडा वेळ मंद वाटते, कारण इंटरकूलर तापलेला असतो. दोन किलोमीटर वारा लागला की सुटते.

सकाळी सुरू करताना निळा धूर येतो, ऑइल कमी होतंय आणि बूस्टला सायरनसारखा आवाज येतो, असं सगळं जुळून आलं तर टर्बो बघायला हवा. इंजिन पूर्ण थंड असताना हवेचा पाइप काढून शाफ्टचं टोक बोटांनी हलवून बघा. बाजूला किंचित हललं तर घाबरू नका, ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. आत-बाहेर हललं किंवा पंख्याची पाती कवचाला घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो गेला.

बदलून घेताना मिस्तरीला जुना ऑइल फीड पाइप काढून दाखवायला सांगा. काही गाड्यांत त्याच्या बोल्टमध्ये बारीक जाळी असते आणि कार्बन तिथेच साचतो. तो पाइप आणि तो बोल्ट नवा घातल्याशिवाय नवीन टर्बो बसवू देऊ नका, नाहीतर ऑइल न मिळून तोही लवकरच जातो.