‘ओव्हरव्हेल्म’ वापरताना या चुका टाळा

फोंड्याला माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीला एकपात्री स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. माईक हातात आला तसा तिचा गळा दाटून आला. कसंबसं एकच वाक्य बोलली, ‘आय ॲम ओव्हरव्हेल्मिंग!’ तिला म्हणायचं होतं, मी भारावून गेलेय. वाक्याचा अर्थ मात्र झाला, माझ्यापुढे समोरच्याचा जीव दडपतो. खाली उतरल्यावर तिने विचारलं, ‘सर, चुकलं काय?’

मी तिला समुद्रावर नेलं, म्हणजे बोलण्यातून. ‘व्हेल्म’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ उलटं करणं, पालथं घालणं. त्यातूनच लाट अंगावर येऊन होडी बुडण्याचा अर्थ आला. १ जून ते ३१ जुलै गोव्यात मासेमारीचे ट्रॉलर बंद असतात, त्या दिवसांतला खवळलेला दर्या डोळ्यांसमोर आण, म्हटलं. लाट ती ‘ओव्हरव्हेल्मिंग’, तिच्याखाली सापडलेली होडी ‘ओव्हरव्हेल्म्ड’. पोरी, तुझा आनंद ही लाट आणि तू होडी. म्हणून ‘आय ॲम ओव्हरव्हेल्म्ड’. पुढे ‘बाय’ किंवा ‘विथ’ जोडायचं, ‘ऑफ’ नको.

दुसरी चूक मला जास्त खुपते, कारण ती मराठीला इजा करते. ‘ओव्हरव्हेल्म्ड’ दिसलं की आपण डोळे मिटून ‘भारावले’ लिहितो. आपलं भारावणं चांगल्याच गोष्टीने होतं. इंग्रजी शब्दाला तसं बंधन नाही. प्रेमाने, दुःखाने, कामाच्या ढिगाने, कशानेही माणूस ओव्हरव्हेल्म होतो. साथीच्या बातमीत ‘हॉस्पिटल्स आर ओव्हरव्हेल्म्ड’ असेल, तर रुग्णालयं भारावत नाहीत. तिथे रुग्णांची रीघ आवाक्याबाहेर गेलेली असते. शोक असेल तर ‘कोसळून गेले’, काम असेल तर ‘बेजार झाले’, शत्रू असेल तर ‘पाडाव झाला’. आपल्याकडे इतके नेमके शब्द असताना एकालाच का राबवायचं?

हॉटेलातल्या नोकरीसाठी एका मुलाने अर्जात लिहिलं होतं, ‘आय वॉन्ट टू ओव्हरव्हेल्म द गेस्ट्स’. हेतू प्रेमळ, पण वाचणाऱ्याला वाटणार की हा पाहुण्यांना भंडावून सोडणार. ‘विथ वॉर्म हॉस्पिटॅलिटी’ जोडलं तर वाक्य तरतं. अर्जात तरी मी साधं ‘वेलकम’ लिहायला सांगितलं.

आता याची भावंडं. ‘ओव्हरपॉवर’मध्ये जोराने दाबून टाकणं असतं. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे आमटीत, तिरफळं चार जास्त पडली की मासळीची चव हरवते, जिभेवर नुसती तिरफळांची झिणझिण उरते. तिरफळांनी बांगड्याला ओव्हरपॉवर केलं. पोलिसांनी चोराला धरून आवळलं, तेही ओव्हरपॉवरच. ‘ओव्हरकम’ म्हणजे अडचणीवर मात करणं. ‘आय ओव्हरव्हेल्म्ड माय फिअर’ हे वाक्य वह्यांत नेहमी सापडतं. तिथे ‘ओव्हरकेम’ हवं. गंमत अशी की ‘आय ओव्हरकेम ग्रीफ’मध्ये जिंकणारा मी, तर ‘आय वॉज ओव्हरकम विथ ग्रीफ’मध्ये दुःख जिंकतं. आणि ‘ओव्हरकम्ड’ असं रूपच नाही.

उच्चाराचं थोडक्यात: आपण फिल्मचं ‘फिलम’ करतो, तसंच याचं ‘व्हेलम’ होतं. ल आणि म यांच्यामध्ये स्वर घालू नका.

शेवटी ‘ओव्हरव्हेल्मिंग मेजॉरिटी’. कुठल्याही विजयाला हे विशेषण चिकटवायची सवय लागली आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. निकाल स्पष्ट होता, पण दुसऱ्या बाजूला लाखाहून जास्त माणसं उभी होती. होडी पाण्याखाली गेली नव्हती. इथे ‘क्लिअर मेजॉरिटी’ लिहावं. याउलट डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजेपुढे गोव्यातलं पोर्तुगीज सैन्य संख्येने अगदीच तोकडं होतं आणि दोन दिवसांच्या आत त्याने शरणागती पत्करली. तिथे ‘ओव्हरव्हेल्म्ड’ हा शब्द खुशाल लिहा.