परतीच्या पावसात चक्रीवादळाचा अंदाज कसा वाचावा

पश्चिम राजस्थानातून मोसमी वारे माघारी फिरण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, मुंबईतून ८ ऑक्टोबर आणि साऱ्या देशातून १५ ऑक्टोबर. वारे माघारी जातात तसे आकाश निरभ्र होते, ऊन चढते, समुद्राचे पाणी पुन्हा तापू लागते. पावसाळ्यात वरच्या थरातला जोरदार वारा वादळाची उभी रचना मोडून टाकत असतो. तो आता मंदावतो. पाणी साडेसव्वीस अंशांच्या वर आणि वरचा वारा सौम्य, हा मेळ जमला की कमी दाबाच्या क्षेत्राचे वादळ व्हायला वाव मिळतो. म्हणून सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हवामान विभागाचे मूळ पत्रक स्वतः वाचायची सवय लावा. फिरत आलेले नकाशे बहुतेकदा शिळे असतात आणि त्यांवरची तारीख कापलेली असते.

१. आधी संभाव्यतेचा तक्ता

हवामान विभाग बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांचे दैनंदिन पूर्वानुमान रोज दुपारच्या सुमारास देतो. त्यात पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन (कमी दाबाच्या क्षेत्राची पुढची, चक्रीवादळाआधीची पायरी) तयार होण्याची शक्यता दिवसागणिक दिलेली असते: शून्य, कमी (१ ते ३३ टक्के), मध्यम (३४ ते ६७) आणि जास्त (६८ ते १००). ही शक्यता डिप्रेशनची आहे, चक्रीवादळाची नाही. ‘जास्त’ वाचून लगेच ‘वादळ येणार’ असे समजू नका. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा कल पाहा: सलग दोन-तीन पत्रकांत शक्यता वाढत गेली, तर लक्ष देण्याजोगे. दर गुरुवारी दोन आठवड्यांचा व्यापक अंदाजही येतो. काढणीचे, लांबच्या प्रवासाचे नियोजन त्यावर ठरवता येते.

२. प्रणाली कोणत्या पायरीवर आहे

बातम्यांत सगळ्यालाच ‘कमी दाबाचा पट्टा’ म्हटले जाते. पत्रकात मात्र वर्गवारी वाऱ्याच्या वेगावर ठरते. ताशी ३१ किलोमीटरच्या आत कमी दाबाचे क्षेत्र, ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ तीव्र डिप्रेशन, आणि ६२ पासून चक्रीवादळ. नाव मिळते ते इथे. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अति तीव्र. २२२ वर सुपर सायक्लोन. हे सलग वाहणाऱ्या वाऱ्याचे आकडे आहेत, झोत त्याहून जोरात येतात. झाड आणि पत्रा झोताने जातो, म्हणून तयारी करताना झोताचा आकडा धरा. वेग नॉटमध्ये दिला असेल तर १.८५ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतात.

३. वेळ तपासा

पत्रकातली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवा. ०३०० यूटीसी म्हणजे सकाळचे साडेआठ. डिप्रेशन असताना पत्रके साधारण सहा तासांनी येतात, चक्रीवादळ झाले की तीन तासांनी. हाती असलेले पत्रक याहून जुने असेल तर बाजूला ठेवा.

४. मधली रेघ नव्हे, शंकू

नकाशावर वादळाचा अंदाजित मार्ग दाखवणाऱ्या रेघेवर आपले गाव नाही म्हणून निर्धास्त राहणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रेघेभोवतीचा शंकू पुढच्या तासांकडे रुंद होत जातो, कारण अंदाजातली चूक वेळेबरोबर वाढते. तो शंकूही फक्त केंद्र कुठून जाऊ शकेल एवढेच सांगतो. वारा आणि पाऊस त्याच्या बाहेर दूरवर पोचतात.

आता वादळाच्या चालीच्या दिशेने तोंड करून उभे आहोत असे समजा. आपल्या गोलार्धात उजव्या हाताला वारा अधिक, कारण तिथे फिरणारा वारा आणि वादळाची स्वतःची चाल एकाच दिशेची असते. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकून ईशान्येकडे सरकले. उजवीकडच्या श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्याने मार खाल्ला, डावीकडची मुंबई बरीचशी वाचली.

५. घाटमाथ्यापलीकडे राहत असाल तर

लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याने अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागराकडे जास्त पाहावे. ‘गुलाब’ २६ सप्टेंबर २०२१ ला आंध्रच्या किनाऱ्यावर आले, जमिनीवर कमकुवत झाले, आणि त्याच्या अवशेषाने पुढच्या दोन दिवसांत मराठवाड्यात शेतेच्या शेते पाण्याखाली घातली. तोच अवशेष अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ नावाचे वादळ बनला. ‘वादळ क्षीण झाले’ हे वाक्य वाऱ्याबद्दल असते. बाष्प तसेच असते.

म्हणून जिल्हावार इशाऱ्यातले शब्द मिलिमीटरमध्ये वाचा. ‘मुसळधार’ म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५, ‘अति मुसळधार’ २०४.४ पर्यंत, त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’. मोजणीचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. नारंगी किंवा लाल इशारा दोन दिवसांवर असेल आणि सोयाबीन कापून पसरलेले असेल, तर आजच गोळा करून उंचवट्यावर गंजी लावा, ताडपत्रीच्या कडा खाली दाबून घ्या आणि भोवती चर काढा. पाणी वरून जितके शिरते तितकेच बुडातून चढते. दुपारनंतर विजा असतात. ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते.

६. किनाऱ्यावर: दोन आकडे एकत्र

वादळामुळे चढणारे पाणी पत्रकात नेहमीच्या भरतीच्या वर मोजून दिलेले असते. त्या वेळची भरती ४ मीटर आणि वादळी उधाण १ मीटर, तर हिशेब ५ मीटरचा. धडकण्याची वेळ भरतीच्या वेळेशी ताडून पाहा. सहा तासांच्या फरकाने चित्र पार बदलते. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्राने दिलेली लाटांची उंची ही मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, त्यातली एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते. होडी काढायची की नाही हे त्या एका लाटेवर ठरवावे.

७. कधी हालायचे

इशारे चार टप्प्यांत येतात: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारंगी आणि १२ तास आधी लाल, ज्यात वादळ धडकल्यानंतर काय होईल याचा अंदाज असतो. पिवळ्यात पत्रे, फांद्या, औषधे, कागदपत्रे, चार्जिंग उरकून घ्या. नारंगीपर्यंत होड्या ओढून वर, माणसे पक्क्या घरात. लाल लागल्यावर फक्त आत थांबायचे. वारा अचानक पडला तर तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा तितक्याच जोराने, उलट दिशेने येतो. पत्रकात केंद्र पुढे सरकल्याची नोंद येईपर्यंत दार उघडू नका, आणि मच्छीमारांसाठीची सूचना मागे घेतली जाईपर्यंत होडी पाण्यात नको.